तिन्हीसांजेनंतरचा वेस्टर्न

इंग्रजी पिक्चरची व्हीसीडी दोन डिस्कमध्ये यायची. पहिली संपली की पडदा निळा व्हायचा, मग कुणीतरी उठून प्लेअरचा खण उघडायचं आणि दुसरी घालायचं. 2002 सालच्या मे महिन्यातल्या एका संध्याकाळी मिरजेच्या आमच्या घरात असाच निळा पडदा समोर होता आणि माझा मामा बुटाच्या नाड्या बांधत होता. तो मालगाडीवर गार्ड होता. गाडीचा कॉल येऊन गेला होता. डबा, टॉर्च, लाल-हिरवी झेंडी, सगळं भरून झालं होतं. उंबरठ्याशी वळून तो म्हणाला, "जल्लादाच्या पोरीचं काय झालं ते सकाळी सांग गं." आणि गेला.

पिक्चर होता 'फ्रॉम डस्क टिल डॉन'चा तिसरा भाग, 'द हँगमन्स डॉटर'. मामाने दुकानदाराकडे "काऊबॉयचा आहे का एखादा?" असं विचारलं होतं आणि त्याने हा काढून दिला होता. पहिल्या डिस्कपुरता तो खोटं बोलला नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा मेक्सिको. फाशीचा चौथरा. जॉनी माद्रिद नावाचा दरोडेखोर एका धाडसी पोरीच्या मदतीने दोरातून निसटतो आणि जाताना जल्लादाच्या मुलीला, एस्मेराल्डाला, घेऊन जातो. मागे चवताळलेला बाप आणि त्याची माणसं. तिकडे एका घोडागाडीतून एक म्हातारा, तिरसट लेखक आणि नुकतं लग्न झालेलं एक मिशनरी जोडपं चाललेलं. धूळ, घोडे, तापलेलं आभाळ. दिवस कलायला लागतो आणि वाळवंटातल्या एकाच खाणावळीकडे सगळ्यांचे रस्ते येऊन मिळतात.

दुसरी डिस्क मी एकटीने पाहिली. ती खाणावळ रक्तपिपासूंची होती.

सकाळी मामा आला, अंघोळ करून चहाला बसला आणि त्याने विचारलं. मी त्याला जे सांगितलं ते खरं नव्हतं. ते का, हे मला कळायला बरीच वर्षं गेली, आणि त्या वर्षांत मी या एका विचित्र जातीचे जेवढे मिळतील तेवढे पिक्चर पाहिले. वेस्टर्न, म्हणजे काऊबॉयचे, आणि व्हॅम्पायर, म्हणजे रक्तपिपासूंचे, यांची मोट बांधलेले. त्यातले बहुतेक कमी पैशांत काढलेले, बरेचसे कशाचा तरी दुसरा किंवा तिसरा भाग, थिएटरचं तोंड न बघता थेट व्हिडिओच्या दुकानात गेलेले. समीक्षक ज्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत असे. माझं त्यांच्यावर प्रेम आहे, आणि ते प्रेम मला नीट मांडायचं आहे.

लोक म्हणतात, ही दोन टोकं जबरदस्तीने बांधलेली आहेत. एकीकडे रखरखीत ऊन, मोकळं मैदान, घोडा. दुसरीकडे काळोख, किल्ला, शवपेटी. मला मात्र वाटतं, ज्याने ब्रॅम स्टोकरची 1897 ची 'ड्रॅक्युला' शेवटपर्यंत वाचली आहे त्याला हे नातं नवं वाटू नये. त्या कादंबरीत टेक्सासचा एक माणूस आहे. क्विन्सी मॉरिस. कमरेला बोवी सुरा, बोलणं मोकळंढाकळं. शिकारीच्या तयारीत विंचेस्टर रायफली घ्याव्यात ही सूचना त्याचीच. आणि शेवट कसा आहे? बर्फाळ डोंगरातला रस्ता, जिप्सींच्या गाडीवर ड्रॅक्युलाची पेटी, मागून घोड्यांवर पाठलाग, हातात रायफली, आणि सूर्य मावळायला काही क्षण उरलेले. सूर्य बुडाला तर तो उठणार. जोनाथन हार्करचा सुरा त्याच्या गळ्यावर आणि क्विन्सीचा बोवी सुरा त्याच्या छातीत एकाच वेळी उतरतो. जोनाथनच्या हातात खुकरी आहे, गुरख्यांची खुकरी, आपल्या बाजूने तिथवर पोचलेली. क्विन्सी जखमी होऊन तिथेच मरतो.

हा वेस्टर्नचा शेवट नाही तर काय? पुढे ड्रॅक्युलावर ढिगाने पिक्चर निघाले, त्यातल्या कितीतरी जणांनी क्विन्सीला गाळूनच टाकलं. टेक्सासचा माणूस त्यांना त्या धुक्यात शोभेना. मला वाटतं तिथेच एक धागा तुटला आणि तो पुन्हा जोडण्याचं काम पुढे गरीब पिक्चरांनी केलं.

अजून एक गोष्ट. उन्हाने व्हॅम्पायर जळून मरतो, हे स्टोकरचं नाही. त्याचा ड्रॅक्युला दिवसाही लंडनच्या रस्त्यावर फिरतो, फक्त त्याची शक्ती तेव्हा उणी असते. सूर्यप्रकाशाने मरण ही सिनेमाची देणगी आहे, 1922 सालच्या मूर्नाउच्या जर्मन 'नोस्फेरातू'ची. ती एकदा रूढ झाली आणि व्हॅम्पायर अ‍ॅरिझोना-टेक्सासच्या वाळवंटासाठी जणू घडवल्यासारखा झाला. जिथे सावलीच नाही अशा मुलखात, ज्याला सावलीवाचून जगताच येत नाही तो. एवढ्या साध्या मांडणीत केवढं नाट्य आहे.

माझ्या आजीचा नियम होता, तिन्हीसांजेला उंबरठ्यावर बसायचं नाही. कारण विचारलं की ती कोळे नरसिंहपूरच्या देवाकडे बोट दाखवायची. हिरण्यकश्यपूला घरातही नाही आणि बाहेरही नाही, दिवसाही नाही आणि रात्रीही नाही, असं मारायचं होतं, म्हणून ती वेळ आणि ती जागा देवाने राखून ठेवली आहे, आपण तिथे बसायचं नाही. लहानपणी मला ते नुसतं धाकासारखं वाटायचं. आता वाटतं, काही गोष्टी त्या वेळेला आणि त्या जागीच घडू शकतात हे आजीला माहीत होतं.

वेस्टर्नमधला नायक बघा. जॉन फोर्डच्या 1956 च्या 'द सर्चर्स'चा शेवट ज्याने पाहिला तो विसरत नाही. हरवलेली मुलगी घरी आणली, सगळे आत गेले, आणि जॉन वेन दाराच्या चौकटीत बाहेर उभा. मागे उन्हात जळणारी जमीन. त्याला आत यायचं नाही, किंवा येता येत नाही. तो वळतो, चालू लागतो, दार बंद होतं. आता स्टोकरचा नियम आठवा. व्हॅम्पायरला घरातल्या कुणीतरी आधी बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. दोघेही दाराबाहेरचे. दोघांच्याही हातून माणसं मेलेली. दोघांनाही वय नाही, संसार नाही, एका गावात मुक्काम नाही. एकाची गोष्ट सूर्यास्ताकडे जाऊन संपते, दुसऱ्याची तिथून सुरू होते. मला कधीकधी खरंच असं वाटतं की क्षितिजाकडे निघून गेलेल्या त्या घोडेस्वाराचं पुढे काय झालं, याचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर व्हॅम्पायरपटांनी दिलं.

हे सगळ्यात आधी ज्यांनी ओळखलं त्यांच्याकडे पैसे फारसे नव्हते. 1959 मध्ये युनिव्हर्सलने 'कर्स ऑफ द अनडेड' काढला, दिग्दर्शक एडवर्ड डीन. त्यात ड्रेक रोबी नावाचा भाडोत्री बंदूकबाज आहे, मायकेल पेटने केलेला. त्याची गंमत अशी की बंदूक उपसण्यात तो समोरच्यापेक्षा वेगवान असण्याची गरजच नाही. समोरच्याने आधी झाडली तरी गोळी त्याला मारत नाही. वेस्टर्नचा सगळा डोलारा ज्या एका क्षणावर उभा असतो, कोण आधी झाडतो, त्याचा पायाच इथे काढून घेतला आहे. त्याच्यासमोर उभा राहतो तो गावाचा पाद्री, आणि त्याच्या गोळीत एका काट्याचा छोटा क्रूस बसवलेला. साधा काळा-पांढरा पिक्चर, पण ही एक कल्पना पुढच्या कित्येक महागड्या पिक्चरांत मला सापडली नाही.

1966 च्या 'बिली द किड व्हर्सेस ड्रॅक्युला'बद्दल (बिली द किड म्हणजे वेस्टर्नमधला गाजलेला बंदूकबाज) एवढं चांगलं बोलता येत नाही. जॉन कॅराडाइनने चाळीसच्या दशकात युनिव्हर्सलसाठी ड्रॅक्युला केला होता, त्यालाच इथे पुन्हा उभं केलं. दिग्दर्शक विल्यम बोडीन मूकपटांच्या काळापासून झपाट्याने पिक्चर उरकण्यासाठी ओळखला जाणारा. घाई प्रत्येक दृश्यात दिसते. तरी म्हाताऱ्या कॅराडाइनचा आवाज आणि ते टोकदार डोळे मी विसरू शकत नाही. माणूस मनापासून काम करत असतो तेव्हा भोवतीचं सगळं हललं तरी तो हलत नाही.

मग येतं 1987, आणि कॅथरिन बिगेलो. तिला आणि लेखक एरिक रेडला वेस्टर्न करायचा होता. पण 1980 च्या 'हेवन्स गेट'ने चार कोटी डॉलरच्या वर खर्च करून जेमतेम पस्तीस लाखांच्या आसपास मिळवले होते आणि त्यानंतर वेस्टर्नचं नाव काढलं की पैसेवाले दार लावून घेत होते. व्हॅम्पायरला मात्र बाजारात मागणी होती. म्हणून त्यांनी वेस्टर्नवर व्हॅम्पायरचा अंगरखा चढवला. 'निअर डार्क'. त्यात व्हॅम्पायर हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही. ना किल्ला, ना वटवाघूळ, ना लांब सुळे. काळ्या कागदाने काचा झाकलेल्या गाड्यांतून भटकणारं एक कुटुंब आहे, त्यातला म्होरक्या अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला. एक जण बुटाच्या काट्याने गळा चिरतो. घोड्याला टोचायचा तो काटा.

त्यातलं मोटेलमधलं दृश्य मी मोजता येणार नाही इतक्या वेळा पाहिलं आहे. भर दिवस. पोलिसांनी खोलीला वेढा घातलाय, आतून-बाहेरून गोळीबार. गोळ्या भिंतीला भोकं पाडतात, आणि प्रत्येक भोकातून उन्हाची एक तिरीप आत येते. आतल्यांना गोळ्यांचं भय नाही, त्या तिरिपींचं आहे. जिथे तिरीप पडते तिथे कातडी धुमसते. वेस्टर्नचा गोळीबार आणि व्हॅम्पायरचं ऊन एकाच भोकातून आत येतात. दोन जातींचं लग्न याहून चांगलं लागलेलं मी पाहिलेलं नाही. पिक्चरला साधारण पन्नास लाख डॉलर लागले आणि तेवढेही परत आले नाहीत. पुढे व्हिडिओवर लोकांनी तो शोधून काढला.

मी इथे गरीब पिक्चरांची बाजू घेते आहे तर पैशांचंही साधं बोलायला हवं. वेस्टर्न महाग असतो. घोडे लागतात, घोडे सांभाळणारी माणसं लागतात, जुने कपडे, जुनं गाव, आणि जिथे विजेचा खांब दिसणार नाही अशी जमीन. व्हॅम्पायर स्वस्त असतो. रात्र, एक बंद जागा, थोडे दात, पुष्कळ रक्त. म्हणून या दोघांची भागीदारी जमते: पहिल्या अर्ध्यात दिवस आणि घोडे, दुसऱ्या अर्ध्यात सगळ्यांना एका छपराखाली कोंडायचं. आपल्याकडे रामसे बंधूंनीही असंच काहीतरी केलं होतं. 1984 च्या 'पुराना मंदिर'मध्ये सामरी सैतानाच्या गोष्टीला त्यांनी 'शोले'च्या विडंबनाचं एक ठिगळ जोडलं, त्यात जगदीप डाकू मच्छरसिंग झाला होता. ठिगळ शिवलेलं दिसतं. 'द हँगमन्स डॉटर'मध्ये शिवण मात्र दिसत नाही, आणि त्याचं कारण ती खाणावळ आहे.

मूळ पिक्चर 1996 चा, रॉबर्ट रॉड्रिग्जने दिग्दर्शित केलेला, क्वेंटिन टॅरेंटिनोने लिहिलेला. दरोडेखोर भाऊ, ओलीस धरलेलं एका पाद्र्याचं कुटुंब, मेक्सिकोची सरहद्द, आणि संध्याकाळपासून पहाटेपर्यंत उघडा असणारा एक बार. अर्धा पिक्चर गुन्हेगारीचा, मग एका नाचानंतर सगळं फिरतं. शेवटच्या दृश्यात कॅमेरा बारच्या मागे जातो आणि कळतं की तो एका प्राचीन पिरॅमिडच्या माथ्यावर बसलेला आहे, उतारावर कित्येक ट्रक टाकून दिलेले. मला तो शेवट आख्ख्या पिक्चरपेक्षा जास्त आवडतो.

मग दोन भाग एकापाठोपाठ आले, थेट व्हिडिओसाठी, दोन्ही दक्षिण आफ्रिकेत चित्रित झालेले. आफ्रिकेची माती मेक्सिको म्हणून. यात कमीपणा काही नाही. इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेने स्पेनच्या आल्मेरियात टेक्सास उभं केलं तेव्हाही तेच झालं होतं. दुसरा भाग, 'टेक्सास ब्लड मनी', 1999 चा. दिग्दर्शक स्कॉट स्पीगल, कॅमेरा कुठल्याही अशक्य जागी ठेवून बघणारा. एक बँक लुटणारी टोळी हळूहळू व्हॅम्पायर होत जाते. त्यात शेवटाकडे भर दिवसा ग्रहण लागतं आणि व्हॅम्पायरांना उधारीची रात्र मिळते. तेवढं सोडलं तर तो भाग माझ्या मनात फारसा उरला नाही.

तिसरा उरला. पी. जे. पेसी दिग्दर्शक, पटकथा अल्वारो रॉड्रिग्जची. तो काळात मागे जातो आणि त्या बारचं मूळ दाखवतो. त्या काळात ती 'ला तेतिया देल दियाब्लो' नावाची खाणावळ आहे. डॅनी ट्रेहो तिन्ही भागांत आहे, तिन्हीत गल्ल्याच्या मागे. काळ बदलतो, माणसं मरतात, हा माणूस तिथेच ग्लास पुसतोय. बाकी कुठल्या मालिकेत याला सोय म्हटलं असतं. इथे तेच कथानक आहे.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते घोडागाडीतल्या त्या म्हाताऱ्याबद्दल. तो अँब्रोज बिअर्स आहे, खराखुरा लेखक. 1842 चा जन्म, यादवी युद्धात लढलेला, शायलोची कत्तल पाहिलेला, डोक्याला गोळी लागून वाचलेला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत पत्रकारी केली आणि 'द डेव्हिल्स डिक्शनरी'सारखं जहाल पुस्तक लिहिलं. 1913 च्या अखेरीस, वयाच्या 71 व्या वर्षी, तो क्रांती पेटलेल्या मेक्सिकोत शिरला आणि त्यानंतर कुणालाच दिसला नाही. प्रेत नाही, कबर नाही. सरहद्द ओलांडली आणि नाहीसा झाला.

एखाद्या स्वस्त तिसऱ्या भागाच्या लेखकाला हे सुचावं याचं मला अजून नवल वाटतं. इतिहासात जिथे एक माणूस खरोखर नाहीसा झाला आहे, बरोबर त्याच भोकात त्यांनी आपली खाणावळ बांधली. आणि बिअर्सची सगळ्यात गाजलेली गोष्ट कोणती? 1890 ची, आउल क्रीकच्या पुलावरची. एका माणसाला पुलावर फाशी देतात, दोर तुटतो, तो पाण्यात पडतो, पोहत, धावत घरी पोचतो, दारात उभ्या बायकोला मिठी मारणार एवढ्यात मानेला झटका बसतो. दोर तुटलेलाच नसतो. सुटका ही मरताना पाहिलेल्या स्वप्नातली असते. आता 'द हँगमन्स डॉटर' पुन्हा बघा. फाशीचा दोर, त्यातून सुटलेला दरोडेखोर, आणि त्याच गोष्टीत स्वतः बिअर्स. मी त्यांच्या मनात काय होतं असा दावा करत नाही. पण तेव्हापासून मला तो पिक्चर बघताना प्रत्येक वेळी वाटतं, जॉनी माद्रिद कदाचित अजून त्या दोरालाच लटकतो आहे, आणि खाणावळ म्हणजे त्याच्या मानेच्या झटक्याआधीचे दोन श्वास आहेत.

बिअर्स केला आहे मायकेल पार्क्सने. पहिल्या भागात तो टेक्सास रेंजर अर्ल मॅकग्रॉ होता, काही मिनिटांत गोळी खाऊन मरणारा. इथे त्याला पूर्ण भूमिका मिळाली आणि त्याने ती थेट व्हिडिओच्या पिक्चरसाठी करतोय अशी केली नाही. चिडका, पिणारा, मरणाला कंटाळलेला आणि तरी सगळ्यात शेवटी हार मानणारा माणूस. आवाज खाली ठेवून, शब्द चावून. 2017 मध्ये पार्क्स गेले तेव्हा सगळीकडे त्यांच्या दुसऱ्या भूमिका आठवल्या गेल्या. मी त्या रात्री हा पिक्चर लावला.

एक गोष्ट मला टोचते, ती लपवत नाही. पिरॅमिड, तिथली पुजारीण, ती जुनी देवी-दैवतं, हे सगळं या मालिकेत राक्षसी आहे. ज्यांची जमीन होती, ज्यांची देवळं पाडून वर चर्च उभी राहिली, त्यांच्याच देवळातून भूत निघतं. सोनिया ब्रागाने केलेली ती पुजारीण, किश्तला, बघताना मला ती भीतिदायक कमी आणि हक्काच्या घरात उभी असलेली बाई जास्त वाटते. वेस्टर्नने कायम एक प्रश्न टाळला: ही जमीन कुणाची? हा पिक्चर त्या प्रश्नावर येऊन उभा राहतो आणि मग त्याला सुळे लावतो. मला ते पटत नाही. तरी प्रश्नापर्यंत तो पोचतो, आणि मोठ्या पैशांचे कितीतरी वेस्टर्न तिथवरही आलेले नाहीत.

कारण इथे उंबरठ्याचा नियम उलटा आहे. व्हॅम्पायर बाहेर उभा राहून बोलावण्याची वाट बघत नाही. घर त्याचं आहे, पाहुणा तुम्ही आहात. स्टोकरच्या कादंबरीतही सुरुवातीला हेच होतं, काउंट दारात उभा राहून जोनाथनला स्वतःच्या मर्जीने आत यायला सांगतो. काऊबॉयला कुठल्या घरात जागा नाही, पण सलूनचं दार त्याला नेहमी उघडं असतं. अर्धं दार, ढकललं की आत. त्या दाराला कडी नाही, एवढ्या एका गोष्टीवर पूर्ण पिक्चर उभा आहे.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. जॉन कार्पेंटरने आयुष्यभर वेस्टर्नची आस धरली. त्याचा 1998 चा 'व्हँपायर्स' न्यू मेक्सिकोत चित्रित झाला. त्यात बाणाला तार, तार जीपच्या चरख्याला, आणि व्हॅम्पायरला घरातून फरफटत उन्हात ओढून काढतात. गुराख्याच्या दोरीचाच तो नवा अवतार. त्याचा दुसरा भाग 'लॉस मुएर्तोस', 2002 चा, टॉमी ली वॉलेसचा, मेक्सिकोतला. त्यात गायक जॉन बॉन जोव्ही शिकारी झाला आहे आणि कोवळा दिएगो लुना त्याच्या टोळीत आहे. पिक्चर मधूनमधून ढेपाळतो, पण त्यातलं ऊन खरं आहे. 2007 चा 'ब्लडरेन'चा दुसरा भाग, ज्यात बिली द किडच व्हॅम्पायर आहे, मला अजिबात आवडला नाही. तिथे दोन्ही जातींची नुसती नावं आहेत, कुणाचीही ओढ नाही. पैसे कमी असणं मी कधीच दोष मानत नाही. ओढ नसणं मात्र लपत नाही.

तर त्या सकाळी मी मामाला काय सांगितलं? सांगितलं की खाणावळीत पत्ते झाले, मग गोळीबार झाला, बापाने मुलीला परत नेलं आणि जॉनी माद्रिद मावळतीकडे निघून गेला. मामा "बरं झालं" म्हणाला आणि पडदे ओढून झोपला. मला लाज वाटली होती. त्याचे काऊबॉय, सकाळच्या खेळाला थिएटरात पाहिलेले, त्याच्या तरुणपणाचे. त्यांना दात फुटलेले त्याला सांगावेत असं मला वाटलं नाही.

गेल्या दिवाळीत मी त्याला सगळं सांगितलं. तो आता निवृत्त आहे, पंचाहत्तरीला आलेला, आणि रात्री अजून झोप लागत नाही. म्हणाला, "मग लाव की राहिलेला." आम्ही लॅपटॉपवर जिथे पहिली डिस्क संपली होती तिथून लावला. तो शांतपणे बघत होता. खाणावळीचे दिवे दिसले तेव्हा त्याने मला थांबवायला सांगितलं. म्हणाला, एकदा लोंढ्याच्या बाजूला सिग्नलवर गाडी दोन तास उभी होती. रात्रीचे अडीच. ब्रेकव्हॅनमध्ये तो एकटा. शेतापलीकडे एका घराचं दार उघडं, आत दिवा, आणि दारात उभं राहून कुणीतरी हाताने ये म्हणत होतं. चहाला असेल. गार्डाला गाडी सोडून जाता येत नाही, म्हणून तो गेला नाही. पुढे कितीदा त्या मार्गाने गेला, ते घर दिवसा त्याला कधी ओळखता आलं नाही.

मग पुढे बघितला. मारामारी झाली, रक्त झालं, त्याने डोळे मिटले नाहीत. एस्मेराल्डाला कळतं की त्या जागेशी तिचं रक्ताचं नातं आहे, पुजारीण तिची आई आहे, आणि पुढे हीच मुलगी पहिल्या पिक्चरमधली ती नाचणारी सांतानिको होणार आहे. मी मामाकडे बघत होते.

"बापाने परत नेलं म्हणाली होतीस तू," तो म्हणाला.

"हो."

"कुठे परत नेणार? ती तर घरीच पोचली होती."